परीक्षेपुरता नवरा

ग्लेंडाला नवऱ्यापासून, वेंडलपासून, वेगळं व्हायचं होतं, पण आधी स्वतःच्या पायावर उभं राहायला मसाजचा परवाना हवा होता. परीक्षा तोंडावर आली आणि कोरोनामुळे अमेरिकेतलं अख्खं व्हर्मांट राज्य बंद पडलं. मग नियम निघाला: परीक्षा व्हिडिओ कॉलवर होईल, मसाज मात्र घरातल्याच माणसाला करून दाखवायचा. ग्लेंडाच्या घरात दुसरं माणूस एकच होतं.

"तुझी पाठ हवी आहे," ती दारातूनच म्हणाली.

"मला सोडून जायला माझीच पाठ?"

"मग दुसरी कुठून आणू?"

परीक्षेच्या दिवशी वेंडल पलंगावर पालथा झाला. दगडाच्या खाणीत राबून आखडलेले त्याचे खांदे तिच्या हाताखाली हळूहळू सैल पडले. पडद्यावरच्या परीक्षक बाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"पास करून टाका तिला," तो उशीत तोंड खुपसूनच म्हणाला.

ग्लेंडा पास झाली. ठरल्याप्रमाणे तिने घर सोडलं, गावात एक खोली घेतली आणि बंदी उठताच दारावर पाटी लावली. पहिल्याच सकाळी मास्क लावून वेंडल दारात हजर.

आता तो घरातला राहिला नव्हता. म्हणून तिने नियमाप्रमाणे त्याचा ताप पाहिला आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत आपण कोणाच्या निकट संपर्कात आला होतात?"



"तू गेलीस तेव्हापासून कोणाच्याच नाही."