दिवस जायच्या आधीची गोळी

“पोटात काय न्हाय आणि गोळ्या कसल्या गिळतीस गं?” आक्का सुनेच्या अंगावर खेकसली.

क्रांतीनं पाण्याचा घोट घेतला. उत्तर तिच्या नवऱ्यानं, अमरसिंहनं दिलं.

“म्हस गाभण जायच्या आधी तिला मिनरल मिक्चर चारतीस का न्हाय?”

“म्हस आणि सून एकच व्हय रं?”

“म्हशीची जास्त काळजी घेतीस, म्हणून इचारलं.”

आक्का फणफणत गोठ्यात गेली. क्रांतीला हसू आलं. लई महिन्यांनी.

पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं होतं. क्रांती गुंगीत होती. बाळ बघितलं ते एकट्या अमरसिंहनं. फडक्यात गुंडाळून पुरलं बी त्यानंच. घरी येऊन एवढंच बोलला, “डोकं झालंच नव्हतं.” तवापासनं कुणी तान्हं पोर हातात द्यायला लागलं की त्यो उठून जातोय.

गावातली आशा सेविका रुचिता म्हणालेली, पुढच्या खेपंला असं होऊ नये म्हणून दिवस जायच्या आधीपासनंच फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायची. दिवस गेल्याचं कळंपर्यंत उशीर झालेला असतोय. आणून देते म्हणाली, तर अमरसिंह म्हणाला, “ऱ्हाऊ द्या ताई. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या मेडिकलातनं मीच आणतो. चांगल्यातली.”

रोज सकाळी कागलला कंपनीत शिफ्टला जायच्या आधी त्यो स्वतः गोळी काढून क्रांतीच्या हातावर ठेवायचा. गिळंपर्यंत म्होरनं हलायचा न्हाय. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, “शिका जरा त्याच्याकडनं.”

दर महिन्याला पाळी यायची. क्रांती न्हाणीत जाऊन रडायची, तोंड धुऊन बाहेर यायची. “गोळी सोडायची न्हाय,” म्हणायची. “ह्या खेपंला बाळ धड पाहिजे.”

आक्काचं मन बी वळलं. जोतिबाला जाऊन आली, सुनंला म्हशीचं निरसं दूध द्यायला लागली. तशात तिच्या लेकीचं, राजनंदिनीचं लगीन झालं. तिला बी हीच गोळी पाहिजे, असं आक्काच्या डोक्यात बसलं.

एका सकाळी अमरसिंह उंबऱ्यावर बूट घालत होता. रुचिता रस्त्यानं चाललेली. आक्कानं तिला हाक मारली आणि लेकाच्या डब्याच्या पिशवीतनं गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं.

“हीच दे बाई माझ्या राजीला. पोराला लई चांगली हाय म्हणं.”

रुचितानं पाकीट उलटंपालटं करून बघितलं. “कोण खातंय ही?”

“आमची क्रांती. ल्योक रोज हातानं देतोय की.”

रुचितानं दारात उभ्या क्रांतीकडं बघितलं. मग आवाज बारीक केला.

“आक्का, ही पोर होऊ नये म्हणून खात्यात.”

“अवं?” क्रांती नवऱ्याकडं वळून म्हणाली.

अमरसिंहनं बुटाची नाडी बांधली. वर बघितलं न्हाय.

“कंपनीची गाडी आली,” त्यो म्हणाला. “मला आता निघायला पाहिजे.”