दलालाच्या दारात

अगाथा नॉयफेल्डने खोकं पायरीवर ठेवलं, बुटांवरचा बर्फ झटकला आणि दार उघडणाऱ्या बाईला म्हणाली, "कोरिन पावलक तूच ना? हा कुकर परत घे."

कोरिनने खोकं ओळखलं. मांस, घेवडा असलं काहीबाही काचेच्या बरण्यांत भरून वर्षभर टिकवायचा मोठा प्रेशर कुकर. तिच्या वेबसाइटवर सहा वर्षं त्याचंच नाव पहिलं होतं.

"मी काही विकत नाही हो," ती म्हणाली. "मी वापरून बघते आणि लिहिते. दुकान वेगळं. नंबर देऊ का त्यांचा?"

"केला फोन. तिथे माणूस नाहीच, मशीनच बोलतं. तुझा पत्ता तुझ्या ईमेलच्या तळाशी होता. रॉस्थर्नहून साडेतीन तास गाडी हाकत आलेय." अगाथाने कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. कोरिनचंच पान, छापून घेतलेलं. पहिल्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ: 'या दुव्यावरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं. तुम्हाला जादा पैसे पडत नाहीत.'

"हे तूच लिहिलंस?"

"हो."

"हे वाचूनच तुझ्यावर विश्वास ठेवला. मी दलाल आहे असं दलाल आपणहून सांगतो कुठे? पण आमच्याकडे गाय भाकड निघाली, की लोक दलालाच्याच दारात जातात."

कोरिनने खोकं उचललं आणि तिला आत घेतलं.

चहा होईपर्यंत सगळं कळलं. अगाथाच्या नवऱ्याला सात वर्षांनी सोडतीत मूस या थोराड हरणाच्या शिकारीचा परवाना लागला होता. तिने चौदा बरण्या मांस भरलं. दाबाचा काटा नव्वद मिनिटं अकरा पौंडांच्या खाली जाता कामा नये, असं कोरिनने लिहिलं होतं. तिचा काटा बाराला जाई, आठला येई, पुन्हा बाराला.

"दाब कमी पडला की बरणीतल्या मांसात विष तयार होतं. त्याला ना वास, ना चव. घरात नातवंडं येतात. सगळ्या बरण्या खड्डा करून पुरल्या. कुत्र्यालाही दिलं नाही."

कोरिनने कुकर धुतला, रबर तपासलं, पाणी घालून आपल्या गॅसवर चढवला. दोघी समोर बसून राहिल्या. काटा अकरावर आला आणि खिळा ठोकल्यासारखा तिथेच थांबला. अर्धा तास हलला नाही.

"म्हणजे खोट माझ्यातच," अगाथा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला.

"शेगडी कुठली तुमची?"

"विजेची. वर सपाट काच असते ती. मुलाने घेऊन दिली."

कोरिनने गॅस बंद केला. काचेची शेगडी तापली की आपोआप बंद होते आणि निवली की पुन्हा लागते; हे तिला ऐकून ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एका बाईने पानाखाली विचारलंही होतं, काचेवर चालेल का म्हणून. 'कंपनी म्हणते चालतो,' एवढं उत्तर देऊन तिने विषय संपवला होता. एकदा करून बघायचं मनात होतं. पण पान चांगलं चाललं होतं. धान्य कोठारातली नोकरी सोडल्यापासून घर त्या पानावरच चालत होतं.

"काचेवर तू करून बघितलंस?" अगाथाने विचारलं.

"नाही."

"मग तसं लिही की."

कोरिनने लॅपटॉप उघडला. आता निम्म्या स्वयंपाकघरांत काचच असते. हे वाचून निम्मे लोक पान मिटून जातील. तिने टाइप केलं: 'काचेच्या शेगडीवर हा कुकर कदाचित नीट चालणार नाही.'

अगाथा चष्मा लावून वाकली. "कदाचित कशाला? चौदा बरण्या गेल्या माझ्या."

कोरिनने शब्द खोडला. तो दुकानाचा दुवाही काढला. काढल्यावर पान एकदम उघडंबोडकं दिसू लागलं.

"मग काचेवर कुठला घ्यायचा?"

"माहीत नाही मला."

"एवढं ऐकायला आले मी इथे यॉर्कटनपर्यंत?" अगाथाने कोट चढवला. खोकं तिथेच राहू दिलं. दारात थांबून म्हणाली, "गुरुवारी ये. असतील नसतील ते कुकर घेऊन ये. शेगडी आहे माझ्याकडे."

गुरुवारी कोरिन तीन कुकर घेऊन रॉस्थर्नला गेली. बरण्यांत पाणी भरून पहिला चढवला, तो अर्ध्या तासात आठवर उतरला. दुसरा त्याच्याही आधी. तिसरा सपाट बुडाचा, हलका, सगळ्यांत स्वस्त. त्यावर कमिशनही जेमतेमच. अगाथा घड्याळ मांडीवर घेऊन बसली. काटा साडेअकरावर गेला, बारावर गेला, नव्वद मिनिटांत एकदाही अकराच्या खाली आला नाही.

कोरिनने पाठ टेकली. मग लॅपटॉप ओढला. "लिहून टाकते."

"थांब जरा. पाणी होतं नुसतं बरण्यांत." अगाथा उठली आणि फ्रीझरमधून मूसच्या मांसाचं उरलेलं पुडकं काढून तिने ओट्यावर ठेवलं. "याचा बर्फ सुटेल रात्रीतून. उद्या भरू. तुझा बिछाना वर घातलाय."

"आणि मग?"

"मग पहिली बरणी आपण दोघी खाऊ," अगाथा म्हणाली. "त्यानंतर लिही."