तीन उपयोग

सासूबाईंच्या शेताचा नियम फाटकावरच रंगवलाय: इथे वाया काही जात नाही, प्रत्येकाचे तीन उपयोग हवेत.

कोंबडी अंडी देते, किडे खाते, माती उकरते. कोंबड्याला नुसतंच आरवता यायचं. गेल्या रविवारी त्याचा रस्सा झाला, पिसं खतात गेली. तीन भरले.

नोकरी सोडून मी इथे राहायला आलो, त्याला आज महिना झाला. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमचे तीन सांगा बघू."

"चहा फक्कड करतो. गाणं म्हणतो."

"आई, गाणं धरू नकोस," बायको म्हणाली.

सासूबाईंनी मला डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावली, मग खताच्या खड्ड्यात वाकून पाहिलं.

"घाबरू नका, इथून कुणाला हाकलत नाहीत," त्या मायेने म्हणाल्या. "कोंबड्याचाही आधी एकच होता."