रांगेत थांबलेली अक्षरं

“ते आले,” संगणक आपल्या सपाट आवाजात बोलला. अस्मिताने हातातली समई खाली ठेवली आणि आधी पुढच्या दाराची कडी काढली.

“पाह्यलं, ताई? रोज दिवेलागणीले हेच. बाबा येतेत.”

प्रेरणा आईच्या खाटेजवळ सरकली. बाबांना, महादेवरावांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यानंतर आईला झटका आला. जन्मभर शाळेत शिकवलेल्या सुलोचनाबाईंची वाचा गेली, मानही वळेना. एक बोट तेवढं चालायचं. म्हणून प्रेरणाने नागपूरहून हा प्रोग्राम लिहून पाठवला होता. आईने कळा दाबायच्या. ती दम घ्यायला थांबली की संगणक वाचून दाखवायचा. पाणी. चहा. पंखा. आणि मग एका संध्याकाळी, ‘ते आले’.

अस्मितावहिनीने फोनवर रडत सांगितलं, तेव्हा प्रेरणा माहेरी देवळीला आली.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आनंद होते त्यायले,” अस्मिता म्हणाली.

प्रेरणा मात्र आईचं बोट पाहत होती. संगणक बोलत असतानाही ते कळा दाबतच होतं. पडद्यावर काहीच उमटत नव्हतं.

“वहिनी, थांब. आईचं बोलणं अर्धंच येऊन राह्यलं.”

बोलताना प्रोग्राम बराच वेळ अडकून राहायचा. तोवर दाबलेल्या कळा रांगेत थांबायच्या. आईचा हात थरथरतो, एकच अक्षर चारदा पडतं, म्हणून बोलणं संपताच ती रांग पुसायची सोय प्रेरणानेच केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ती सोय काढून टाकली.

“आई, आता काई हरवणार नाई. पूर्ण सांगजो.”

संध्याकाळी बोट हललं.

“ते आले.”

बोट थांबलं नाही. आवाज संपला, आणि रांगेतली अक्षरं पडद्यावर उतरू लागली.

“नाईत.”

अस्मिताने पडद्यावरचं पुन्हा वाचलं. मग हसायलाच लागली. “आले नाईत! आई नुसती वाट पाहून राह्यल्या होत्या. अन् मी येडी, काय काय समजून बसली!”

प्रेरणालाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी घर हलकं वाटलं.

आईचं बोट आता स्वस्थ पडलं होतं. मागे राहिलेली अक्षरं अजून येतच होती.

“दुसराच कोणी येऊन बसते.”