गोड बोलण्याचा रविवार

‘काकू, पुढचे काही रविवार तुम्ही काकांशी जरा गोड बोलाल का?’ तरुण डॉक्टरनं विचारलं आणि लगेच समोरच्या कागदांत डोकं घातलं.

ड्रायव्हरची बायको पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. क्षयाच्या वॉर्डातल्या सिस्टर तिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. रविवारी भेटीची वेळ झाली की ती दारातूनच डागायला सुरुवात करी. अंडं का टाकलंत? खिडकी कुणी लावली? दाढी कुणासाठी वाढवताय? तोंडाला मास्क असूनही आवाज शेवटच्या खाटेपर्यंत खणखणीत पोचायचा. उभी हयात बस चालवलेला तिचा नवरा भिंतीकडे बघत मुकाट ऐकून घेई. बाकीच्या रोग्यांची तेवढीच करमणूक.

‘का हो? त्यांना काही झालंय का?’ तोफेनं विचारलं.

‘नाही, नाही. औषधं लागू पडतायत.’ डॉक्टरनं घसा साफ केला. ‘मी एक संशोधन करतेय. माणूस ताणात असला की अंगात एक हार्मोन वाढतं. ते फार वाढलं तर आजाराशी लढायची ताकद कमी होते, असा आमचा अंदाज आहे. म्हणून आम्ही रोज सगळ्यांच्या जिभेखाली कापसाचा बोळा ठेवतो आणि तो तपासतो. काकांचं आठवडाभर ठीक असतं. रविवारी मात्र एकदम उसळी मारतं.’

रविवारी कोण येतं, हे काही सांगायला नको होतं.

आता तोफ आपल्यावरच उलटणार, अशी डॉक्टरची खात्री होती. पण तिनं पिशवी खाली ठेवली आणि चक्क हात जोडले.

‘डॉक्टर, ह्यांच्या तोंडातून रक्त यायला लागलं तेव्हा सख्खे भाऊ दारातून परत गेले. तुम्ही उशाशी बसलात. तुमच्यामुळे माझं माणूस आज मला दिसतंय. तुम्ही म्हणाल तर जीभ कापून ठेवीन.’

‘इतकं नको,’ डॉक्टर घाईघाईनं म्हणाली. ‘नुसतं गोड बोला.’

त्या आठवड्यात तोफेच्या घशाखाली घास उतरला नाही. आपल्याच तोंडामुळे ह्यांचा आजार रेंगाळला की काय, हा विचार तिची पाठ सोडेना.

रविवार आला. ती पाय न वाजवता आत गेली आणि खाटेशी बसली.

‘कसं वाटतंय?’ तिनं विचारलं. ड्रायव्हरनं भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

‘अंडं नको वाटत असेल तर राहू द्या हं. मनाला येईल ते खा.’

तो उठून बसला.

‘खिडकी लावू का उघडी ठेवू? तुम्हाला बरं वाटेल तसं.’ आणि तिनं त्याच्या कपाळावरचे केस हलकेच मागे सारले. सगळा वॉर्ड माना वळवून बघायला लागला. सिस्टर आळीपाळीनं डोकावून गेल्या. ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं.

‘घरी सगळं ठीक ना?’ त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

‘तुम्ही आता कशाचीही काळजी करू नका,’ ती म्हणाली. तिथेच त्याचा धीर सुटला.

भेटीची वेळ संपली तशी डॉक्टर मोठ्या उत्सुकतेनं स्वतःच बोळा घेऊन आली. एरवी हे काम सिस्टर करत, तेही भेटीच्या आधी, म्हणजे घरच्या माणसांत मध्येच लुडबुड नको. ड्रायव्हरनं मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं होतं.

‘एवढं माझ्या मुलाला द्या,’ तो म्हणाला. ‘तुम्ही फार केलंत माझ्यासाठी, डॉक्टर. तुमच्यावर राग नाही. फक्त खरं सांगा, किती दिवस राहिलेत?’

‘भलतंच काय! कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘हिनं. तोंडानं नाही सांगितलं. पण आज ही माझ्याशी गोड बोलली. एवढा संसार झाला आमचा, त्यात एकदाच अशी बोलली होती. मी रक्त ओकत होतो आणि तुम्ही हिला बाहेर नेऊन सांगितलं होतंत, काही खरं नाही म्हणून. तेव्हा.’

डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकली.

‘मग दर रविवारी तुम्हाला कसला ताण असतो, काका?’

‘हाच. ही येईपर्यंत डोक्यात एकच घोळत असतं. आज भांडेल की गोड बोलेल? दारातून ओरडली की माझा जीव भांड्यात पडतो. मरणाऱ्या माणसाशी कुणी भांडत नाही, डॉक्टर.’

डॉक्टर बोळा तिथेच टाकून धावली. तोफ जिन्यावर बसून पदरानं डोळे पुसत होती. डॉक्टरनं तिला धापा टाकत सगळं सांगितलं, माफी मागितली आणि हाताला धरून वॉर्डात आणलं.

तोफ दारात उभी राहिली. तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

‘वाटणी करायला बसलात होय? एवढी घाई झालीय मरायची? मी इथं जिन्याची पायरी न् पायरी झिजवतेय आणि हे निघाले गाशा गुंडाळून! ते अंडं तसंच! संपवा आधी!’ ती रडत होती आणि ओरडतही होती, आणि तिला कशालाच आवर घालता येत नव्हता.

ड्रायव्हरनं मुकाट्यानं अंडं सोलायला घेतलं. त्याच्या गालांवर रंग परतला होता.

‘फार उपकार झाले, डॉक्टर,’ तो हळूच म्हणाला. ‘वाचलो.’