हळू आवाजातली पारख

"मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर गोड लागतात, काका. खरी पारख हळू आवाजात," असं म्हणत सेल्समनने बटण फिरवलं, आणि विणकर खुर्चीत पुढे सरकून बसला.

काचेच्या त्या बंद खोलीत त्याच्यापुरतं आता काहीच वाजत नव्हतं. समोर फळीवर तीन म्युझिक सिस्टिम मांडल्या होत्या. शेजारी बायको मांडीवर पर्स घेऊन, मान किंचित कलती करून ऐकत बसली होती. तिला घरात गाणी हवी होती ती पार लग्न झाल्यापासून. आधी मुलीचं शिक्षण, मग मुलीचं लग्न, मग छपराची गळती, असं करत गाणी मागे पडत गेली. यंदा बोनस हातात पडला तेव्हा विणकर स्वतःच म्हणाला, "चल, घेऊनच टाकू. आपल्याला झेपेल असा, पण चारचौघांत उठून दिसेल असा." बोलून गेल्यावर कळलं, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय.

मागांच्या खडखडाटात त्याचे कान कधीच कामातून गेले होते. बायकोला मात्र त्याने याचा पत्ता लागू दिला नव्हता. मागशाळेत आवाज चढवून कुणी बोलत नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. लग्नाआधी तीही तिथेच बॉबिन भरायला होती, त्यामुळे ही विद्या दोघांनाही येत होती. घरी त्याचं त्याच विद्येवर भागत होतं. पंचाईत व्हायची ती ओट्याकडे तोंड करून बोलू लागली की. त्यावर त्याने तोड काढली. ओट्यावरच्या भिंतीला आरसा ठोकला. "या वयात नट्टापट्टा कुणासाठी करू?" म्हणून ती हसली होती. ते हसणंही त्याने आरशातच पाहिलं.

बहिरेपणाची त्याला लाज नव्हती, भीती होती. थोरल्या भावाच्या घरात त्याने पाहिलं होतं. वहिनी आधी ओरडून बोलायची, मग कामापुरतं बोलू लागली, आता नुसतं ताट सरकवते. आपल्या घरात तसं झालं तर? बायकोची बडबड नसलेलं घर त्याला नको होतं.

"बोला काका, कसा वाटतो?"

विणकराने चोरून बायकोच्या पर्सकडे पाहिलं. तिचं बोट पर्सवर ताल धरत होतं. फळीवर दिवा पेटला होता तो पांढऱ्या सेटचा. नाजूक, लाकडी पायांचा.

"हा मोकळा वाजतो!" तो म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने म्हणाला असावा, कारण सेल्समन दचकला.

युक्ती फळली. आता बोटावर लक्ष ठेवायचं, की गंगेत घोडं न्हालं. सेल्समन काळ्या सेटमागे वाकला. बोट अजून चालूच होतं.

"हा तर त्याहून सरस!" विणकर म्हणाला.

सेल्समन मागून वर आला. त्याच्या हातात वायर होती. "काका, अजून जोडतोय मी."

विणकराचे कान तापले. त्या कामाला ते अजून शाबूत होते.

"अरे, मघाचाच म्हणतायत ते," बायको चटकन म्हणाली, आणि त्याच्याकडे वळली. "तुम्ही असं करा, बाहेर शोकेसमध्ये तोच पांढरा ठेवलाय. उजेडात कसा दिसतो, बघून या बरं."

सुंठीवाचून खोकला गेला, असं मनाशी म्हणत तो बाहेर पडला. शोकेसमधला पांढरा सेट खरंच देखणा होता. घरातल्या खिडकीशेजारी शोभला असता. हे तिला सांगावं म्हणून तो वळला. काचेपलीकडे ती सेल्समनशी बोलत होती. दार घट्ट लावलेलं होतं, त्यामुळे ती निर्धास्त होती.

"यांना बारीक आवाज ऐकू येत नाही, दादा," तिचे ओठ म्हणत होते. "मला काय आवडतं ते राहू दे. हाताला ठोका लागेल असा दाखव. दिसायला कसाही चालेल, वर कापड टाकीन मी. फक्त त्यांच्यासमोर काही बोलू नकोस. त्यांना वाटतं, मला माहीत नाही."

विणकर काचेशी तसाच उभा राहिला. आत जावं की घरी पळून जावं, हेच त्याला कळेना. मग त्याने दार ढकललं.

फळीवर आता चौथाच सेट आला होता. काळा, बोजड, ट्रंकेएवढा.

"हात ठेवून बघा हो," बायको म्हणाली. "फार तापत तर नाही ना?"

त्याने तळवा टेकवला. आतून ठोका आला, सरळ कोपरापर्यंत चढला. त्याचे डोळे भरून आले. सेल्समन बिलाचं पुस्तक काढायला पाठमोरा झाला होता. विणकराने मान वर केली आणि मागशाळेत बोलायचे तसे नुसते ओठ हलवले.

"पांढराच घे."

तिनेही सवयीने आवाज न करता विचारलं, "आणि तुम्ही?"

"तू म्हणशील ना सोबत. तुझ्या ओठांवरून ऐकेन."

तिने काचेच्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचा चेहरा पडला, आणि हळूहळू सावरला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्याने विचारलं.

"आरसा लावलात त्याच दिवसापासून."

सेल्समन पुस्तक घेऊन वळला. दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"काय झालं, काकू?" तो घाबरून म्हणाला. "एकदम गप्प का झालात दोघं? काहीतरी बोला की."