दीपगृहाची नोंदवही

दुपारच्या शांततेत वीज गेली आणि इन्व्हर्टर पीं करून वाजला. पण शेजारी झोपलेली तिची मुलगी रिंकू काही जागी झाली नाही. अहिल्याने हुश्श केलं नि दीपगृह सांभाळणाऱ्या वडिलांची, आप्पांची, जुनी नोंदवही मांडीवर ओढली. सरोवरातल्या दीपगृहांचा आणि ती सांभाळणाऱ्या माणसांचा इतिहास पुस्तकासाठी तिला आजच दीपगृह खात्याच्या नोएडाच्या ऑफिसात पाठवायचा होता. "अहिल्याजी, पहला पन्ना आपके पिताजी का," असं साहेबांनी बजावलं होतं. तीस वर्षांत आप्पांची एकाही दिवसाची नोंद चुकली नव्हती.

ती मात्र एकच तारीख शोधत होती. त्या दिवशी दीपगृहाच्या बेटावर, नावेची वाट बघत, तिची आई तापाने गेली होती. अहिल्या तेव्हा चार वर्षांची. आईचा एक फोटोही उरला नव्हता आणि आप्पा तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. इथे एखादी ओळ सापडली, तर ती पुस्तकात घालता आली असती.

तारीख सापडली.

'दीप ठीक जला. विशेष कुछ नहीं.'

"काय शोधतेस गं?" डोळे चोळत रिंकू तिला बिलगली.

"आजीला, राणी."

"चलो, मी पण शोधते!" रिंकूने पान उलटलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "'एक बत्तख काँच से टकराकर मर गई. टापू पर दफ़नाया.' आई, बदक सापडलं!"



रिंकूने मान वर केली. "आता सांग, आजी कुठल्या पानावर आहे?"